मारबतीच्या मिरवणुकीच्या क्लिप्स वेळेनुसार क्रमाने कशा लावाव्यात?

इतवारीची_लेक:
नमस्कार. आमच्या मोहल्ल्याच्या मंडळासाठी मी नागपूरच्या यंदाच्या मारबत मिरवणुकीची (इडापिडा घालवण्यासाठी काढतात त्या काळ्या आणि पिवळ्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीची) वीस मिनिटांची चित्रफीत तयार करीत आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आम्ही तिघांनी चित्रण केले: माझ्याकडे कॅमेरा होता, भावाकडे फोन होता आणि एका मैत्रिणीने तिच्या फोनवरच्या क्लिप्स व्हॉट्सअॅपने पाठवल्या. एकूण ६४ क्लिप्स आहेत. शॉटकट या चित्रफीत-संकलनाच्या प्रोग्रॅममध्ये त्या सर्व एकदम घेऊन तारखेनुसार लावल्या, तर पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतून निघण्याआधीच नेहरू पुतळ्याजवळ काळ्या मारबतीला भेटते आणि माझ्या कॅमेऱ्यातली सर्व दृश्ये शेवटी जाऊन बसतात. सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी घेतलेली माझी क्लिप संगणक दुपारी ४ वाजून ४० मिनिटांची दाखवतो. एकेक क्लिप ओढून जागेवर नेण्याचा प्रयत्न केला, पण एक हलवली की दुसरी बिघडते. काही सोपा मार्ग आहे का?

संकलक_धरमपेठ:
ताई, तुम्ही दिलेल्या दोन वेळांमध्ये बरोबर साडेपाच तासांचा फरक आहे, आणि रोग तिथेच आहे. एमपी४ फाइलमध्ये चित्रणाची वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदवायची असा संकेत आहे. फोन तो पाळतो. पुष्कळ कॅमेरे मात्र आपल्या घड्याळातली भारतीय वेळ जशीच्या तशी तिथे लिहून टाकतात. संगणक ती जागतिक वेळ समजून त्यात आणखी साडेपाच तास मिळवतो, म्हणून सकाळची मिरवणूक दुपारी सरकते. कॅमेरा बिघडलेला नाही.

यावर मी असे करतो की तारखेवर विसंबतच नाही, सर्व फाइल्सच्या नावांच्या सुरुवातीला वेळ आणतो. अँड्रॉइड फोनच्या फाइलच्या नावात बहुधा तारीख आणि स्थानिक वेळ आधीच असते, त्यामुळे भावाच्या क्लिप्सच्या नावाच्या सुरुवातीची अक्षरे तेवढी काढा. कॅमेऱ्याच्या क्लिप्ससाठी एक्झिफटूल हा मोफत प्रोग्रॅम आहे. तो फाइलमध्ये नोंदलेली वेळ, काहीही न मिळवता, नावात घालून देतो, आणि तुमच्या बाबतीत ती नोंद मुळातच भारतीय वेळेची आहे. आधी फोल्डरची प्रत काढून ठेवा, हे सांगायला नकोच. मग शॉटकटच्या प्लेलिस्टमध्ये, म्हणजे आत घेतलेल्या क्लिप्सच्या यादीत, नावानुसार क्रम लावा.

मैत्रिणीच्या क्लिप्सची गोष्ट वेगळी. व्हॉट्सअॅपच्या फाइलच्या नावात तारखेनंतर जो क्रमांक असतो, तो फाइल तुमच्या फोनवर कितवी आली याचा, कितवी चित्रित झाली याचा नव्हे. त्या क्लिप्स त्यांच्याकडून डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवा. तसे केल्यास मूळ नाव टिकते आणि चित्राचा दर्जाही कमी होत नाही.

गोप्रोवाला_महाल:
वरील उत्तराला एक जोड. पुढच्या वर्षी कोणी गोप्रो हा छोटा कॅमेरा आणला, तर नावानुसार लावण्याची युक्ती तशीच वापरू नका. तो लांब चित्रणाचे तुकडे करतो आणि तुकड्याचा क्रमांक नावात आधी लिहितो. म्हणून जीएच०१००३४ च्या पुढचा भाग जीएच०२००३४ असतो, पण नावाने लावल्यास मध्ये जीएच०१००३५ येऊन बसतो. शेवटचे चार अंक आधी वाचायचे आणि त्यानंतर पहिले दोन. हे लक्षात यायला मला एक अख्खी रात्र लागली होती.

संथ_संकलक:
टाइमलाइनवर (क्लिप्स एकामागोमाग जोडण्याच्या पट्टीवर) ओढताना दुसरी क्लिप का बिघडते, याबद्दल सांगतो. शॉटकटमध्ये रिपल (एक क्लिप हलवली की पुढच्याही सरकवणारी सोय) बंद असताना क्लिप शेजारच्या क्लिपवर थोडी जरी चढली, तरी दोघींमध्ये आपोआप संक्रमण (एक दृश्य दुसऱ्यात मिसळत जाणे) तयार होते, आणि जिथून ती उचलली तिथे रिकामी जागा उरते. त्यामुळे क्रमाचे सर्व काम टाइमलाइनवर जाण्याआधी प्लेलिस्टमध्येच उरकावे. तिथे क्लिप वर-खाली ओढल्याने काहीच कापले जात नाही. क्रम मनासारखा झाला की त्याच पॅनेलच्या मेन्यूतून सर्व क्लिप्स एकदम टाइमलाइनवर पाठवा.

घड्याळाच्या वेळेने लावलेला क्रम हा पहिला मसुदा समजावा, असे माझे मत आहे. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी सुरू असताना बडग्यांची (मिरवणुकीतल्या इतर पुतळ्यांची) दृश्ये दहा मिनिटे अलीकडची असली, तर पाहणाऱ्याला ते कळत नाही. दोन्ही मारबतींची भेट मात्र जागेवरच हवी, कारण नागपूरकर तिच्याचसाठी थांबलेला असतो.

इतवारीची_लेक:
तुम्हा सर्वांचे आभार. नावे बदलून पाहिली आणि ६४ पैकी ५१ क्लिप्स एका झटक्यात जागेवर आल्या. उरलेल्या १३ मैत्रिणीच्या आहेत. त्या तिने आज रात्री डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याचे कबूल केले आहे. दोन्ही मारबती समोरासमोर आल्यावर उठलेला गलका कॅमेरा आणि फोन या दोन्हींत आहे, त्यावरून ताडून पाहिले, तर माझ्या कॅमेऱ्याचे घड्याळ तीन मिनिटे पुढे निघाले. ते आता नीट लावून ठेवले आहे.