भरभराटीत देव आठवतो का? तुमचे अनुभव लिहा

अडचणीत नवस सगळेच बोलतात. पण घर भरलेलं असताना, पीक साधलेलं असताना, पगार वाढलेला असताना देवाची आठवण कशी राहते आणि डोक्यात हवा जाऊ नये म्हणून तुमच्या घरात काय करतात, ते लिहा. प्रवचन नको, घरातलं सांगा.

शिवारातला
आम्ही जुन्नरकडचे. २०२३ च्या जुलैत टोमॅटोला जो भाव लागला तो आमच्या आज्यानेपण बघितला नसेल, नारायणगावच्या मार्केटला वीस किलोचं क्रेट दोन हजाराच्या वर गेलं. त्याच उन्हाळ्यात भाव पडला म्हणून लोकांनी उभे प्लॉट सोडून दिलेले, म्हणजे कष्ट तेच, औषधं तीच, फक्त आमची लागण बरोब्बर त्या टायमाला तोडणीला आली. अण्णांनी पहिली पट्टी, म्हणजे मार्केटातल्या विक्रीचा हिशोबाचा कागद, देवापुढे ठेवली, हळदकुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवशी तोडणीच्या बायांची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, कोणी न मागता वाढवली. मी म्हणलं, अण्णा, हजेरी एकदा वाढली की परत खाली येत नाय. तर म्हणाले, "भाव काय तू वर नेलास का?" यावर काय बोलणार. बाकी त्या सीझनला गावात नव्या गाड्या आल्या, आम्हीपण घेतली, खोटं कशाला सांगू.

दर्यापार
रत्नागिरीचा, सध्या कुवेतला. आमच्याकडे रमजानमध्ये जकातीचा, म्हणजे गरिबांना द्यायच्या वाट्याचा, हिशोब असतो. सोनं, बँकेतली शिल्लक, धंद्यातला माल, वर्षभर हातात राहिलेलं सगळं धरून अडीच टक्के. लहानपणी अब्बांकडे हिशोब करण्याएवढं काही नसायचंच, उलट आमच्याच घरी कोणीतरी द्यायला यायचं. आता मी रक्कम सांगितली की ते फोनवर आधी अल्हम्दुलिल्लाह म्हणतात आणि मग दरवर्षी तेच बजावतात, की हा घेणाऱ्यांचा हक्क आहे, तुझे उपकार नाहीत, पाकीट घेऊन आपण जायचं, दारात रांग लावायची नाही. चुलतभाऊ अंधार पडल्यावर जाऊन देऊन येतो.

सासष्टीकार
आमच्या गोव्यातल्या राय गावात ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त असतं. पाद्री शेतात जाऊन विळ्याने नव्या भाताची कणसं कापतात, आशीर्वाद देतात, मग ती घरोघर जातात. हिंदू शेजाऱ्यांकडे चतुर्थीच्या सुमाराला नवें, म्हणजे नव्या भाताचा सण, ते कणसं गणपतीपुढे ठेवतात आणि दाराला बांधतात. आमची शेती कधीच सुटली, मी पुण्यात तांदूळ ऑनलाइन मागवते, तरी ममा दोन कणसं पाठवतेच. आल्टारपाशी ठेवते मी.

वाकडं_बोलणारा
सगळं छान आहे, पण हल्ली नव्या फ्लॅटचा फोटो स्टेटसला आणि खाली "सगळी बाप्पाची कृपा", हे नेमकं काय असतं? चौरस फूटसुद्धा लिहिलेले असतात. बाप्पाच्या नावावर मिरवून घ्यायची सोय आहे ही. अण्णांनी स्टेटस ठेवलं होतं का?

शिवारातला
अण्णांकडं बटनाचा फोन हाय.

मधली_सून
😀 आमचे सासरे घ्या मग. स्विगीचं पार्सल आलं तरी डब्यातून खात नाहीत, ताटात काढून घेतात, ताटाभोवती पाणी फिरवतात, उजव्या बाजूला चित्राहुती, म्हणजे देवाच्या नावाने अन्नाचे छोटे वाटे, घालतात आणि मगच पहिला घास. व्हेज बिर्याणीच्या चित्राहुती घालताना बघितलंय मी. मुलं हसतात, ते हसू देतात, पण त्यांचं होईपर्यंत कोणी सुरुवात करायची नाही.