मदत हवी आहे: आई-बाबा नागपूरहून दिल्लीला बिझनेस क्लासने चाललेत, जेवणाचं नेमकं काय असतं?

प्रतापनगरकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा घरगुती आहे, सांभाळून घ्या.

भाऊ गुरुग्रामला असतो. त्याच्या लेकीचं बारसं आहे आणि हौसेनं त्यानं आई-बाबांची जातानाची तिकिटं बिझनेस क्लासची काढली. बाबा ७४, आई ७०. याआधी दोघं विमानात एकदाच बसलेत, मुंबईला जाताना, साध्या वर्गात. तेव्हा सँडविचचा भाव ऐकून बाबांनी "पोट भरलंय" म्हणून दीड तास काढला आणि विमानतळाबाहेर पडल्या पडल्या दोन वडापाव खाल्ले. आता तिकिटं आल्यापासून घरात एकच चर्चा: जेवायला काय देतील?

विमान दुपारी साडेबाराचं आहे. पोटभर जेवण असतं की चहा-बिस्किटावर भागवतात? बाबांना मधुमेह आहे, जेवणाच्या अर्धा तास आधी इन्सुलिन टोचतात. त्यामुळे ताट नक्की कधी येणार हे मला कळायला हवं. आणि आमचं नशीब असं की नेमकी त्या दिवशी एकादशी. आईची एकादशी आजवर कशानंही मोडलेली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही.

बाबा म्हणतात, एवढ्या महागाच्या तिकिटात डबा नेला तर लोक हसतील. आई म्हणते, हसू देत. कुणी या मार्गावर पुढच्या खुर्च्यांवर बसलं असेल तर सांगा. नेटवर विस्तारा या विमान कंपनीच्या जेवणाचे फोटो पाहून बाबा जाम खूश आहेत.

फिरस्ता

कोळशाच्या धंद्यात आहे, त्यामुळे महिन्यातून दोनदा दिल्ली ठरलेली. बहुतेकदा मागेच बसतो, कधीमधी साहेबांच्या कृपेनं पुढे.

पहिलं म्हणजे काकांना ते फोटो पाहू देऊ नका. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, ती वर्णनं आता जुनी. दुसरं, घड्याळ बघा. वेळापत्रकात पावणेदोन तास दिसत असले तरी त्यातून जमिनीवर रांगण्याचा वेळ, चढतानाची वीसेक मिनिटं आणि उतरण्याआधीचा अर्धा तास वजा करा. वाढून, जेवून, आवरायला पन्नास मिनिटं उरली तरी खूप. म्हणून लांबच्या विदेशी विमानांसारखे एकामागून एक पदार्थ येत नाहीत. सगळं एकाच ट्रेमध्ये.

साडेबाराचं विमान म्हणजे जेवणाची वेळ, हे बरं झालं. चार-पाचचं असतं तर सामोसा, सँडविच, चहा असा प्रकार मिळाला असता. बसल्यावर सरबत नाहीतर ज्यूस आणि गरम ओला टॉवेल. मग ट्रेवर कापड, चिनी मातीच्या बशा, स्टीलचे काटे-चमचे. सॅलड, मुख्य डिशमध्ये भाजी-डाळ-भात किंवा चिकन, एखादा छोटा पराठा किंवा पाव, दही, गोड. आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीत पहिल्या वाढीला पानात जेवढं पडतं तेवढं समजा. फरक इतकाच की दुसरी वाढी नाही.

एअर इंडियाच्या तीन वर्गांच्या ए-३२० निओ विमानात पुढे ८ खुर्च्या असतात, मग प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ आणि मागे १३२. आठच माणसं, त्यामुळे प्रत्येकाला विचारून वाढतात. पण आठ जणांसाठी प्रत्येक पर्यायाचे आठ-आठ ट्रे चढवलेले नसतात, शेवटच्या माणसाला "आता हेच उरलंय" ऐकावं लागतं. म्हणून आधी कळवून ठेवा.

बुकिंगच्या पानावर विशेष जेवणाचा पर्याय असतो. काकांसाठी डीबीएमएल, म्हणजे मधुमेहींचं. काकूंसाठी एफपीएमएल, म्हणजे नुसती फळं. उपवासाचा असा वेगळा कोड नाही. कांदा-लसूण नको एवढंच असतं तर जैन जेवण, व्हीजेएमएल, चाललं असतं. पण त्यात धान्य असतंच, एकादशीला उपयोग नाही. हे सगळं निदान २४ तास आधी. विमानतळावर जाऊन सांगितलं तर फक्त हसून मान हलवतील.

आणि काका विचारणारच असतील तर: देशांतर्गत विमानात दारू नसते, कुठल्याच वर्गात.

तर्रीपोहे

अवो ताई, काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? मी एकदा फुकट अपग्रेड भेटलं म्हणून पुढं बसलो होतो. पनीर होतं. मऊ होतं, गरम होतं, पण मिठाचा अन् तिखटाचा पत्ता नाही. बाबांले सांगा, सकाळी घरून तर्री मारूनच निघा.

जुनाखानसामा

तर्रीपोहे, तुमची तक्रार खरी आहे, पण सगळा दोष आचाऱ्याचा नाही. मी काही वर्षं विमानांसाठी जेवण बनवणाऱ्या स्वयंपाकघरात काढली आहेत, म्हणून सांगतो.

विमानात आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असते तितकी विरळ ठेवलेली असते. म्हणजे चिखलदऱ्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर बसून तुम्ही जेवता. हवेतला ओलावा २० टक्क्यांच्याही खाली, मे महिन्यात कूलर बंद पडलेल्या खोलीसारखा. नाक कोरडं पडतं, आणि चव निम्मी नाकानं कळते. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेनं २०१० च्या सुमारास लुफ्थान्सासाठी हे तपासलं होतं. मीठ आणि साखर वर गेल्यावर चांगलीच कमी जाणवते, मसाल्याचा वास आणि टोमॅटोसारखी आंबट-खमंग चव मात्र बऱ्यापैकी टिकते.

त्यातून विमानात काही शिजत नाही. अन्न जमिनीवर शिजवून झपाट्यानं पाच अंशांपर्यंत गार करतात आणि वर ओव्हनमध्ये फक्त तापवतात. तव्यावरची पोळी यात चामडं होते, तळलेलं मऊ पडतं, कोरडा भात कडक होतो. म्हणून रस्सा असलेलं जे असेल ते मागा. डाळ, पनीरची ग्रेव्ही, राजमा हे तापवल्यावर बिघडत नाही, उलट मुरतं. साधं ऑम्लेट मात्र टाळा.

माझं मत विचाराल तर पुढच्या वर्गाच्या जेवणात मागच्यापेक्षा भांडी दुपटीनं चांगली असतात, अन्न सव्वापट.

मेडिकलचौक

जेवणाचं चालू द्या, मी इन्सुलिनवर येते. वॉर्डात बरीच वर्षं नर्स होते.

ताट प्रत्यक्ष समोर येईपर्यंत इन्सुलिन टोचायचं नाही. घरी आपण भात कुकरला लावून टोचतो, कारण कुकर आपल्या हातात असतो. विमानात झटके बसायला लागले की वाढणं थांबवतात, सगळ्यांना पट्टे बांधून बसवतात, आणि ते दहा मिनिटं चालेल की चाळीस हे कुणालाच माहीत नसतं. इन्सुलिन पोटात आणि ताट गाडीत, अशी वेळ आली तर साखर झपकन खाली येते. अर्धा तास आधी घेण्याचं इन्सुलिन असेल तर त्या दिवशी काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, वेळ आणि मात्रा तेच सांगतील.

पेन, सुया, प्रिस्क्रिप्शन हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत इन्सुलिन टाकून सामानात देऊ नका, खाली ते गोठू शकतं. खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजच्या गोळ्या हव्याच. आणि डबा न्याच. हसणाऱ्यांना हसू द्या, काकू बरोबर बोलल्या.

वर्धारोड

डब्याला माझंही अनुमोदन. मागच्या वर्षी दुसऱ्या एका शहरातून येताना सासूबाईंसाठी जैन जेवण नोंदवलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. वर गेल्यावर कळलं की नोंद आहे, ट्रे नाही. कर्मचारी मुलगी बिचारी ओशाळली, स्वतःहून सफरचंद आणि काजूचं पाकीट आणून दिलं. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून नोंद दिसते का ते विचारा, आणि विमानात शिरताना दारातच पुन्हा सांगा.

कोरडं काहीही चालतं: लाडू, चिवडा, खाकरा. पातळ चटणी, तेल सुटलेलं लोणचं यावर तपासणीत वाद होतो. खोबऱ्याची वाटी अजिबात नको, तिच्यातल्या तेलामुळे ती पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. बारशाची ओटी भरायला म्हणून काकू हमखास घेतील, म्हणून लिहिलं.

थंडीचे दिवस आहेत, दिल्लीच्या धुक्यानं उशीर होणारच असं धरून चला. तुमच्या मार्गासारख्या अडीच तासांपर्यंतच्या प्रवासात विमान २ तास किंवा जास्त उशिरा असेल तर वाट बघताना खाणंपिणं द्यायचं असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे. मागावं लागतं, आपणहून कुणी हाक मारत नाही.

फिरस्ता

बिझनेस क्लासच्या भाड्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. साध्या वर्गाला ५. हे काकांना सांगू नका, नाहीतर दह्याची वाटी चाटून-पुसून घरी आणतील.

प्रतापनगरकर

सगळ्यांचे आभार. दोघं काल पोचले. रात्री फोनवर तासभर वर्णन ऐकलं, ते इथे टाकते, म्हणजे पुढच्या कुणाला उपयोग होईल.

धुकं दिल्लीला सकाळी होतं, पण तिकडून यायचं विमानच उशिरा आलं, त्यामुळे साडेबाराचं निघायला पावणेदोन झाले. मेडिकलचौक ताई, तुमचे खास आभार. बाबांचं घड्याळ बाराला इन्सुलिन मागायला लागलं होतं, पेन हातातही घेतलं होतं. आईनं ते काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं आणि गेटवर त्यांना मूठभर मुरमुऱ्याचा चिवडा दिला. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं: ताट दिसल्यावरच, मग सावकाश सॅलडनं सुरुवात.

विमानात पहिली अडचण टेबलाची. समोर खुर्चीच्या पाठीला टेबल नाही, तेव्हा बाबांना वाटलं ट्रे मांडीवर घ्यायचा, म्हणून त्यांनी रुमाल पसरून तयारीही केली. तेवढ्यात तिथला मुलगा आला आणि त्यानं खुर्चीच्या हाताचं झाकण उघडून आतून घडीचं टेबल वर ओढलं. बाबा म्हणाले, "पेटीतून पोळपाट काढावा तसं काढलं."

विशेष जेवण आधी येतं, हे इथे कुणी लिहिलं नव्हतं. बाकीच्यांच्या आधी या दोघांचे ट्रे आले, वर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. बाबांना उकडलेल्या भाज्या, पातळ मूगडाळ, थोडा भात, एक पराठा, साधं दही आणि गोडाच्या जागी पपईच्या चार फोडी. शेजारच्याच्या वाटीत गुलाबजाम होते, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मीठ लागत नाही हेही तुम्ही म्हणालात तसंच. मात्र त्यांनी सांडगी मिरच्या तळून कागदात गुंडाळून नेल्या होत्या, मला न सांगता. डाळीत दोन कुस्करल्या. वास सुटल्यावर तो गुलाबजामवाला वळून बघायला लागला, तर त्यालाही एक दिली. तो निघाला अमरावतीचा. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको, उतरेपर्यंत दोघांच्या गप्पा.

आईच्या ट्रेमध्ये कलिंगड, पपई, अननस, द्राक्षं. फळं बर्फासारखी गार होती, तिच्या दातांना सोसेनात. ती वीस मिनिटं तशीच ठेवून तिनं आधी आपला राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. डब्यात साबुदाण्याची उसळही होती, पण चिनी मातीच्या बशीशेजारी स्टीलचा डबा उघडायला तिलाच ऐनवेळी संकोच वाटला. ती उसळ रात्री गुरुग्रामला दोघींनी, म्हणजे आई आणि वहिनीनं, गरम करून खाल्ली.

खोबऱ्याची वाटी तिनं घेतली होतीच. मी घरीच काढून घेतली.

आता एक शेवटचा प्रश्न. परतीची तिकिटं मी काढलीत, साध्या वर्गाची, सकाळी सहा-सव्वासहाचं विमान आहे. एवढ्या पहाटे मागच्या वर्गात काही आधी नोंदवून मिळतं का, की इन्सुलिन नागपूरला उतरूनच घ्यायला लावू? आणि बाबा विचारतात, तो गरम टॉवेल मागेही देतात का.