प्रतिसाद: पद्मिनीचं जुनं अस्तर भंगारात नको

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी आतून नव्याने सजवायची तर ‘आतलं सगळं उचकटून भंगारात द्या, कुर्ल्यात नवं मिळतं’ असा सल्ला वर कुणी दिलाय, तो पटला नाही. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीस वर्षं उलटली. आता दाराच्या आतल्या बाजूचे पुठ्ठे कारागीर जुन्यावरूनच कापतो, त्यामुळे फाटका पुठ्ठाही नवा बसेपर्यंत जपा. छताच्या अस्तराचं कापड ताणून धरणाऱ्या तारांना काढतानाच पुढून मागे क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधा. प्रत्येकीचा बाक वेगळा असतो, अदलाबदल झाली की कापडाला सुरकुत्या पडतात.

फ्लोअरवर डांबरी थर असेल तर तोही खरवडाच. मी माझ्या गाडीचा काढला, तेव्हा वरून धडधाकट दिसणारा पत्रा खाली पार कुजलेला निघाला. मुंबईच्या पावसात काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी त्या थराखालीच मुरतं. आधी ते रबर बदला, मगच नवं कार्पेट.