'इंज्युअर्ड लिस्ट'ला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरवाली: बेसबॉलवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'इंज्युअर्ड लिस्ट'पाशी अडलेय. 'जखमींची यादी' लिहिलं की एसटी दरीत कोसळल्यासारखं वाटतं. जुन्या सामन्यांच्या वर्णनात तीच यादी 'डिसेबल्ड लिस्ट' आहे. तिथे 'अपंग' लिहू का?

न्यूजर्सीकर: छे! दिव्यांगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांनी आक्षेप घेतला म्हणून तर मेजर लीगने (अमेरिकेतली बेसबॉलची सर्वांत वरची लीग) २०१९मध्ये ते नाव बदललं. 'दुखापत यादी' करा. जखम दिसते, रक्त येतं. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, कोपरातलं लिगामेंट फाटतं तेव्हा बाहेरून काही दिसत नाही.

गिरणगावकर: 'जायबंदी' का नको? पेपरात क्रिकेटपटू रोज जायबंदी होतात.

न्यूजर्सीकर: माणूस जायबंदी होईल हो, पण ही यादी म्हणजे जागेचा हिशेब आहे. मैदानासाठी संघात २६ जण, आणि ते धरून क्लबच्या मोठ्या यादीत ४०. फलंदाज निदान १० दिवसांसाठी, पिचर १५ दिवसांसाठी दुखापत यादीत गेला की २६मधली जागा मोकळी होते. ४०मधली नाही. बदली माणूस त्या ४०मधलाच लागतो. बाहेरचा आणायचा आणि ४० भरलेले असतील, तर कुणाला तरी काढा, नाहीतर लांबलेल्या दुखण्यातल्या एखाद्याला ६० दिवसांच्या यादीत टाका. तो ४०मध्ये मोजत नाहीत. पगार सगळ्यांचा चालूच.

भाषांतरवाली: अहो, हा तर शाळेचा पट! आई शिक्षिका होती. गोवर आलेल्या पोराचं नाव पटावर असायचं, हजेरी तेवढी लागायची नाही. म्हणजे ४०चा पट, २६ची हजेरी. ६० दिवसवाल्याचं नाव पटावरून कमी केलंय, पण दाखला हातात दिलेला नाही.

न्यूजर्सीकर: झकास. बरा होऊन आला की पटावर पुन्हा जागा करावी लागते, हेही त्यात बसतं. 'रोस्टर'ला 'पट' मी आजपासून वापरणार.

गिरणगावकर: आणि त्या जागी वर बोलावलेल्याला 'बदली'च म्हणा. गिरणीत कायम कामगाराने खाडा केला की गेटवर थांबलेल्या बदलीला काम मिळायचं. कायमवाल्याला धास्ती असायचीच.

न्यूजर्सीकर: इथेही आहे! २ जून १९२५ला न्यूयॉर्क यांकीज संघाच्या वॉली पिपच्या जागी लू गेरिग पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणाला उभा राहिला, तो १९३९पर्यंत हललाच नाही. सलग २१३० सामने. (पिपचं डोकं दुखत होतं म्हणून तो बसला, ही गोष्ट मात्र तशीच छापू नका, तिच्यावर शंका आहेत.) इकडे पिपच्या नावाचं चक्क क्रियापद झालंय.

भाषांतरवाली: 'पिपला' म्हणू? 'रजेवर गेला आणि पिपला.' बरं, शेवटचं एक. बरा होत आलेला खेळाडू आधी खालच्या लीगमध्ये सामने खेळतो, फलंदाज जास्तीत जास्त २० दिवस, पिचर ३०. त्या 'रिहॅब'ला 'पुनर्वसन' लिहिलं तर धरणग्रस्त डोळ्यांसमोर येतात.

गिरणगावकर: रंगीत तालीम?

भाषांतरवाली: घेतला!