मदत हवी आहे: डब्ल्यूडीएम-३ए रेल्वे इंजिनाच्या मॉडेलचा आवाज पॉइंटवर (रूळ फाटतात तिथे) तुटतो, भोंगाही अमेरिकन

मडगाव_जंक्शन:
नमस्कार मंडळी. एचओ मापाचं (१:८७) सहा अ‍ॅक्सलचं डब्ल्यूडीएम-३ए आहे, अमेरिकन अल्को कंपनीच्या इंजिनाच्या मॉडेल-चासीवर बेतलेलं. आत २१ पिनांचा लोकसाउंड ५ (रुळातून आलेले हुकूम वाचून मोटर आणि आवाज चालवणारा डिकोडर), त्यात अल्को २५१ डिझेलच्या आवाजाची फाइल. स्पीकर ११ × १५ मिमी, ८ ओहम, बॉडीच्या छताला आतून चिकटवलाय.

पॉइंटवर आवाज तुटतो आणि इंजिन पुन्हा पहिल्यापासून स्टार्ट होतं. पाऊस लागल्यापासून हे वाढलंय. आवाज चिरका येतो, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. हळू चालवलं की गचके बसतात. भोंगा तर ऐकताक्षणी परका वाटतो. चवथीला घरी माणसं येतील तेव्हा नीट चालायला हवं. केपॅसिटर घालून भागेल की डिकोडर बदलू?

घाटातला_बँकर:
डिकोडर बदलू नका, त्याचा दोष दिसत नाही. वीज क्षणभर तुटते, डिकोडर रीसेट होतो आणि आवाज मुळापासून सुरू होतो. केपॅसिटर शेवटी घाला, नाहीतर खरा दोष झाकला जाईल.

आधी डिकोडर काढा. मल्टिमीटरचं एक टोक सॉकेटच्या ट्रॅक पिनेला आणि दुसरं एकेका चाकाला लावा. एका बाजूच्या सहाही चाकांवर जवळपास शून्य ओहम यायला हवा. ज्या चाकावर आकडा नाचतो, तिथली वीज उचलणारी पट्टी वाकलीय किंवा काळी पडलीय. त्याच वेळी मोटरच्या दोन्ही टोकांपासून चाकांपर्यंत आणि चासीपर्यंत जोड नाही ना, तेही बघा. जुन्या चासीत मोटरचा ब्रश फ्रेमला टेकलेला असतो आणि डिकोडर जळतो तो त्यामुळेच.

मग रूळ. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत फिशप्लेटच्या (रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) भरवशावर वीज सोडू नका. प्रत्येक तुकड्याला, निदान दर मीटरला, वीज थेट आणणारी फीडर वायर झाळा. तपासायला दोन रुळांवर नाणं आडवं ठेवा. कमांड स्टेशन (रुळांना वीज आणि हुकूम देणारा डबा) तत्काळ ट्रिप झालं पाहिजे, म्हणजे वीज तुटली पाहिजे. जिथे होत नाही तिथली वायरिंग कच्ची. चाकं आणि रूळ पुसायला सुती फडकं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. पॉलिश पेपर नको, त्याच्या ओरखड्यांत घाण बसते. पॉइंटचा मधला त्रिकोणी तुकडा प्लास्टिकचा असेल तर तिथे वीजच नसते. धातूचा असेल तर पॉइंटबरोबर हलणाऱ्या मायक्रोस्विचने त्याची पोलॅरिटी बदलून द्या.

साखरचौकोन:
चिरक्या आवाजाचं कारण स्पीकरची पेटी. पडद्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींत मिसळली की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. त्यामुळे स्पीकरच्या मागे बंद पेटी हवीच, जागा असेल तितकी खोल. कडेने पांढरा गोंद फिरवून एक रात्र वाळू द्या. सुईएवढी फट राहिली तरी सगळी मेहनत वाया. पेटी बॉडीला थेट चिकटवू नका, मध्ये फोमची दुहेरी टेप ठेवा, नाहीतर बॉडीच थरथरते. तोंड रेडिएटरच्या जाळीकडे किंवा डिझेल टाकीतून खाली.

हिशेबही बघा. १६ सिलिंडरचं फोर-स्ट्रोक अल्को, आयडलला ४०० फेरे धरले तर सेकंदाला साधारण ५३ स्फोट. ५३ हर्ट्झ इतक्या लहान स्पीकरमधून येतच नाही. कानाला भासतो तो त्याच्या वरच्या सुरांमुळे. म्हणून आवाज चढवून घरघर वाढत नाही, नुसता पडदा फाटतो. सीव्ही (डिकोडरमधली सेटिंग) ६३ म्हणजे एकूण आवाज, मूळ १८० असतो, तो ११० पर्यंत उतरवा आणि मग पेटीवर मेहनत घ्या. डब्ल्यूडीजी-४ या मालगाडीच्या इंजिनाची फाइल मात्र यात चालवू नका. ते टू-स्ट्रोक ईएमडी ७१०, त्याची एकसंध घुमणी वेगळीच. अल्कोची ढग-ढग आणि टर्बोची शीळ जाणकाराच्या कानातून सुटत नाही.

कुळे_होम_सिग्नल:
गचक्यांसाठी सीव्ही ५४ मध्ये ० लिहा, इंजिन सपाट सरळ रुळावर ठेवा आणि कंट्रोलरवरचं एफ १ बटण दाबा. ते एकदम पूर्ण वेगाने सुटतं, तेव्हा पुढे दोन मीटर मोकळे ठेवा. मोटरची मापं डिकोडर स्वतः घेतो. चाकं आणि गिअर साफ केल्यावरच हे करा, नाहीतर चुकीची मापं कायम होतात.

सीव्हीने फार तर फाइलमधलाच दुसरा भोंगा निवडता येतो. आपला भोंगा भरायला लोकप्रोग्रामर (डिकोडरमध्ये आवाज भरणारं यंत्र) लागतो. मोनो वेव्ह फाइलचे सुरुवात, मधला फिरता भाग आणि शेवट असे तीन तुकडे करा. मधला तुकडा लहर शून्यावर असतानाच कापा, नाहीतर प्रत्येक फेरीला 'टक' ऐकू येतं. रेकॉर्डिंग फाटकाबाहेरच्या रस्त्यावरून करा, रुळांच्या हद्दीत पाऊल नको, तो गुन्हा आहे.

कुळे ते कॅसलरॉक १:३७ चढाचा भास हवा असेल तर ड्राइव्ह होल्ड शिका. बहुतेक 'फुल थ्रॉटल' प्रकारच्या आवाज-फायलींत तो एफ ९ वर असतो. वेग तोच ठेवून इंजिन आठव्या नॉचला (थ्रॉटलच्या सर्वांत वरच्या पायरीला) गुरगुरतं. घाटातलं डबल-हेडिंग (दोन इंजिनं जोडून ओढणं) त्यावर खरं वाटतं.

मडगाव_जंक्शन:
मोजलं. बारापैकी फक्त आठ चाकं वीज उचलतात, मधल्या दोन्ही अ‍ॅक्सलना पट्ट्याच नाहीत. नाण्याच्या चाचणीत पॉइंटच्या पलीकडे ट्रिप उशिरा होतो. आता केपॅसिटर कसा जोडू?

घाटातला_बँकर:
मधल्या अ‍ॅक्सलना फॉस्फर ब्राँझच्या तारेच्या पट्ट्या लावा, पलीकडे फीडर द्या. निम्मं काम तिथेच होईल. एवढं करूनही तुटलं तर २.७ व्होल्टचे १ फॅरडचे सहा सुपरकॅप (जास्त वीज साठवणारे केपॅसिटर) एका रांगेत जोडा. १६.२ व्होल्ट पेलतात आणि एकूण ०.१७ फॅरड मिळतो. आधी कमांड स्टेशनचा व्होल्टेज त्याखाली आहे ना ते पाहा. चार्जिंगसाठी १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर १एन४००१ डायोड, डायोडवरची पट्टी डिकोडरकडे. धन टोक डिकोडरच्या निळ्या (सामाईक धन) वायरवर, ऋण टोक डिकोडरच्या ग्राउंड पॅडवर. काळ्या वायरवर अजिबात नको, ती रुळाची आहे, जोडलीत की डिकोडर जातो. प्रोग्रामिंग रुळावर सीव्ही वाचताना सुपरकॅप वेगळे काढता येतील असा छोटा प्लग मध्ये ठेवा.