मदत हवी आहे: २००१ चा युरोपियन बास्केटबॉल चॅम्पियन कोण धरायचा?

मंडळी, बास्केटबॉल क्विझचे प्रश्न काढतोय आणि २०००-०१ च्या सीझनपाशी गाडी अडली आहे. त्या वर्षी युरोपातल्या क्लबांची फाटाफूट झाली. रेआल माद्रिद, बार्सिलोना, किंडर बोलोन्या नव्या युरोलीगमध्ये गेले. मक्काबी तेल अवीव, पानाथिनाइकोस फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) सुप्रोलीगमध्ये राहिले. (गंमत म्हणजे ‘युरोलीग’ हे नाव फिबाने नोंदवूनच ठेवलं नव्हतं, म्हणून नव्या लीगला ते घेता आलं!) युरोलीगमध्ये बोलोन्याने ताऊ सेरामिकाला फायनल मालिकेत ३-२ ने हरवलं, तिकडे सुप्रोलीगच्या फायनलमध्ये पॅरिसला मक्काबीने पानाथिनाइकोसला ८१-६७ ने. म्हणजे चॅम्पियन दोन. आता कुठलंही एक नाव आलं तरी गुण द्यायचे, की दोन्ही हवीत? आणि बोलोन्याकडून जिनोबिली खेळलेल्या त्या फायनल मालिकेचा पाचवा सामना पूर्ण कुठे बघायला मिळेल? तुकडे सापडतात, पण त्यात नुसते डंक (उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्ये आदळणं).