सजातीय भार एकमेकांना ढकलतातच, हे शाळेत एवढं ठासून का सांगतात?

भोसरीकर:
माझं पावडर कोटिंगचं काम आहे, म्हणजे धातूच्या वस्तूवर (तिला आम्ही जॉब म्हणतो) रंगाची कोरडी पावडर फवारून ती ओव्हनमध्ये भाजायची. गनमधून सुटलेला प्रत्येक कण निगेटिव्ह, जॉब अर्थिंगला. ओव्हनमध्ये जाईपर्यंत पावडर जॉबवर नुसती बसून असते, बोट लागलं तरी पुसली जाते, पण शेजारशेजारचे निगेटिव्ह कण एकमेकांना ढकलून उडत नाहीत. आणि मुलीच्या पुस्तकात एका ओळीत सजातीय म्हणजे प्रतिकर्षण, विषय संपला. हे अर्धवट आहे. प्लास्टिक, काच असल्या डायइलेक्ट्रिकचे (वीज न वाहणाऱ्या पदार्थाचे) कण सारख्याच भाराचे असले तरी जवळ आल्यावर एकमेकांना ओढू शकतात, २०१० ला नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी याचं गणित मांडलंय.

खडूफळा:
दादा, उदाहरण चुकलं. पावडर धरून ठेवतो तो जॉब, अर्थ केलेल्या पत्र्यात उलटा भार ओढला जातो म्हणून. कण एकमेकांना ढकलतच असतात, थर जाड झाला की नवी पावडर बसत नाही हे तुम्ही रोज बघत असाल. कूलॉमचा नियम, दोन भारांमधलं बल किती ते सांगणारा, १७८५ पासून आहे तिथेच आहे. वीस वर्षं शिकवतोय, अपवाद आधी सांगितला की पोरं नियमच विसरतात.

रेवा_फिजिक्स:
सर, नियम मोडत नाही हे खरंय पण तो बिंदूंचा आहे आणि कण बिंदू नाही, भांडण तिथेच आहे ना. एकावर भार भरपूर, दुसऱ्यावर थोडा, असे दोन कण जवळ आणले की भरपूरवाला दुसऱ्यातले इलेक्ट्रॉन किंचित सरकवतो, समोरच्या बाजूला उलटा भार येतो आणि ओढ जिंकू शकते. धातूचा १ सेमी त्रिज्येचा गोळा घ्या, अर्थ न केलेला, आणि तेवढ्याच भाराचा एक बिंदू. पृष्ठभागापासून साधारण ०.६२ सेमीच्या आत बिंदू आला की आकर्षण! डायइलेक्ट्रिकमध्ये हे कमी होतं, पण होतं.

खडूफळा:
कमी म्हणजे किती ते पण सांगा की. थर्माकोल बहुतेक हवाच, त्यात सरकायला काही नाहीच. दोन गोळ्या अगदी सारख्या, भारही सारखा, तर कितीही जवळ आणा, ढकलणारच. प्लास्टिकचे कण पाण्यात टाका, पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (बाहेरच्या भारामुळे पदार्थातले भार किती सरकतात त्याचं माप) ८० च्या आसपास, तिथे परिणाम उलटा होऊन प्रतिकर्षण अजून वाढतं. एवढ्या अटी नववीच्या पोराला सांगायच्या?

भोसरीकर:
थराचं बरोबर आहे सर, मान्य. पण अगदी सारखे कण आणायचे कुठून? माझ्या एकाच डब्यात १० मायक्रॉनचे पण आहेत आणि ८० चे पण, प्रत्येकावर भार वेगळा. सगळ्या अटी नका सांगू, त्या वाक्यात 'लांब असताना' एवढे दोन शब्द घाला.